टिंगीची गुडगुड कुठे गेली?

एक होती टिंगी. टिंगी म्हणजे गिनीपिग. उंदरापेक्षा मोठी, सशापेक्षा छोटी. आणि शेपूट? शेपूट नाहीच! ती चालायची कशी? लुटुलुटु, लुटुलुटु.

टिंगीच्या पोटात राहायची एक गुडगुड. टिंगी गवत खायची, कुरुम कुरुम. पोट बोलायचं, गुडगुड गुडगुड. मग मागून लेंडी पडायची, टप्प!

काल टिंगीचं बारसं झालं. हो हो, बारसं! छोट्या सावनीचा हट्टच तसा. आत्याने टिंगीच्या कानात नाव सांगितलं, कुर्र्र! मग सावनीने तिला शिरा भरवला. साजूक तुपातला, केळं घातलेला. एक घास, दोन घास, वाटीभर घास! कौतुकाला काही मोजमाप असतं का? गवताची नवी पेंढी मात्र खुंटीवरच राहिली. गडबडीत कुणाच्या लक्षातच आली नाही.

सकाळी टिंगी उठली. पोट गप्प! गुडगुड नाही. लेंडी नाही. पोट दुखायला लागलं. टिंगीला रडूच आलं. कुईं कुईं!

"कुठे गेली माझी गुडगुड?"

तिने गादीखाली पाहिलं. नाही. पाण्याच्या वाटीत पाहिलं. तिथेही नाही. मग तिने पोटालाच विचारलं.

"पोटा पोटा, गुडगुड दे."

"नाही देत! आधी गवत येऊ दे."

टिंगी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. उंच खुंटीवर पेंढी. पेंढीत गवत.

"गवता गवता, खाली ये. पोट काही बोलेना!"

"नाही येत! आधी दोरी सुटू दे."

टिंगीने मान वर केली. अजून वर केली. पेंढीला दोरी, दोरीला गाठ.

"दोरी दोरी, सूट ना गं. गवत येईना, पोट काही बोलेना!"

"नाही सुटत! आधी उंदराला कुरतडू दे."

टिंगी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. बिळातून दोन मिश्या बाहेर आल्या.

"उंदीरमामा, दोरी कुरतडा. दोरी सुटेना, गवत येईना, पोट काही बोलेना!"

"नाही बुवा चढत! खुंटीखाली मनी बसलीय. आधी मनी हलू दे."

टिंगी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. मनी खुंटीखालच्या उन्हात पाय चाटत होती.

"मनीमावशी, बाजूला हो. उंदीर चढेना, दोरी सुटेना, गवत येईना, पोट काही बोलेना!"

"नाही हलत! आधी सावनीला बांगडा माशाचं डोकं देऊ दे. म्याँव!"

टिंगी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. सावनी बसली होती रुसून. गाल फुगवून, डोळे मिटून! सकाळी तिने टिंगीला पुन्हा शिरा दिला होता. टिंगीने तोंड फिरवलं होतं.

"सावनीताई, मनीला डोकं दे. मनी हलेना, उंदीर चढेना, दोरी सुटेना, गवत येईना, पोट काही बोलेना!"

"नाही देत! आधी शिरा खा."

आता आली का पंचाईत! टिंगी गेली शिऱ्याच्या वाटीकडे.

"शिऱ्या शिऱ्या, पोटात जा. सावनी ऐकेना, मनी हलेना, उंदीर चढेना, दोरी सुटेना, गवत येईना, पोट काही बोलेना!"

"नाही जात! आधी पोटाला हो म्हणू दे."

टिंगीने पोटाला विचारलं.

"पोटा पोटा, हो म्हण. शिरा जाईना, सावनी ऐकेना, मनी हलेना, उंदीर चढेना, दोरी सुटेना, गवत येईना. तू का रे बोलेना?"

"नाही म्हणत! आधी गवत येऊ दे."

घ्या! जिथून निघाली, तिथेच आली. आता कुणाला विचारणार? टिंगी बसली अंगाचा गोळा करून. कुईंसुद्धा करेना.

सावनीने हळूच एक डोळा उघडला. 'ही का गप्प?' तिने टिंगीला मांडीवर घेतलं. तिच्या पोटाला कान लावला. काहीच नाही! मग स्वतःच्या पोटावर हात ठेवला. गुडगुड गुडगुड!

"आत्या, आत्या! माझं पोट बोलतं. मग टिंगीचं का नाही बोलत?"

आत्या परसात बांगडे साफ करत होती.

"अगो बाय! काल तिला शिरा घातलास की काय?"

"मग? बारशाला शिरा नको?"

"शिरा तुला गो! टिंगीचं पोट म्हणजे गिरणी. तिच्यात सारखं गवत पडायला हवं. गवत थांबलं, की गिरणी बंद!"

सावनीचे डोळे भरले. "टिंगे, चुकलं गं माझं!" रुसवा कुठल्या कुठे पळाला. तिने बांगड्याचं डोकं उचललं आणि धूम पळाली.

मग काय!

सावनीने डोकं टाकलं, टप!
मनी हलली, टुण्ण!
उंदीर चढला, सरसर सरसर!
दोरी तुटली, कट्ट!
पेंढी पडली, धप्प!
गवत आलं, ढीगभर!

टिंगीने गवत हुंगलं. फूं फूं. एक काडी खाल्ली, कुरुम. दुसरी खाल्ली, कुरुम कुरुम. सावनीने पुन्हा कान लावला. आत्यानेही लावला. मनीसुद्धा डोकं खायचं थांबली. आणि मग...

गु...ड.

"बोललं! बोललं!" सावनी टाळ्या पिटायला लागली.

तरी आत्याने भरभर साडी बदलली, टिंगीला पदरात घेतलं आणि प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलंच. गिनीपिगचं पोट दुखलं, की थांबायचं नसतं. डॉक्टरीणबाईंनी नळी लावली. खूप वेळ ऐकलं.

"गिरणी सुरू झालीय. बरं झालं लगेच आणलंत. रोज गवत, हवं तेवढं. शेजारी पाणी. वर कोथिंबिरीच्या काड्या, सिमला मिरचीचा तुकडा. आणि शिरा?"

"शिरा मला!" सावनी म्हणाली.

तेवढ्यात आत्याच्या पदरात काहीतरी पडलं. टप्प! मग आणखी एक. टप्प! मग टप्प टप्प टप्प!

"लेंडी आली! लेंडी आली!" सावनी नाचायलाच लागली.

आत्याने पदर पाहिला. साडी नवी, बारशाची. पण आत्या पोट धरून हसली. म्हणाली, "पदरी पडलं, पवित्र झालं!"

मनीला बांगडा, सावनीला शिरा, टिंगीला गवत. ज्याचं पोट, त्याचा घास.

टिंगीचं पोट बोलायला लागलं, आणि आपली गोष्ट झाली गप्प. आता तुझ्या पोटाला कान लावू? बघू काय म्हणतंय!