आजेसांजेच्या वशाची कहाणी

आजेसांजे माये, ऐक तुझी कहाणी. बायांनो, लेकींनो, तुम्हीही ऐका. हातात अक्षता घ्या, लेकरं जवळ घ्या.

नदीच्या वळणावर एक नगर होतं, आटपाट त्याचं नाव. त्या नगरात दामाशेट नावाचा एक वाणी राहत होता. त्याच्या बायकोचं नाव कमळजा. त्याचा बाप विसोबा, आई आवडाई. पोटी तीन लेकरं. थोरला माधो, मधली येमू, धाकटा तान्हू अजून पाळण्यात. दुकान चालत होतं, घर भरत होतं.

त्या घरात एक रीत होती. दिवेलागण झाली, तुळशीपुढे दिवा लागला, की आजा ओसरीवर बसे, आजी त्याच्या शेजारी बसे. मग लेकरं पुढ्यात येत. आजी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवी, तळहातावर गूळखोबरं ठेवी. मग आजा गोष्ट सांगे. राजाची सांगे, कोल्ह्याची सांगे, लेक दामू लहानपणी विहिरीत पडला होता ती सांगे. लेकरं ऐकत, हसत, मधेच काही विचारत. मग जेवणं होत, निजानीज होई. याला कुणी व्रत म्हणत नव्हतं, कुणी वसा म्हणत नव्हतं. रोजचं होतं, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नव्हतं.

कमळजा मनाने वाईट नव्हती. पहाटे उठे, सडा घाली, चूल पेटवी, सगळ्यांचं करी. पण ती जेवायला वाढी तेव्हा लेकरं म्हणत, "आई, भूक नाही, आजीने लाडू दिला." ती अभ्यासाला बसवी तेव्हा लेकरं म्हणत, "थांब गं, आजोबांची गोष्ट अर्धी राहिलीय." मग ती मनात म्हणे, पोरं माझी, राबते मी, आणि ऐकतात यांचं. असं एक वेळ झालं, दोन वेळा झालं, सदाचं झालं. मन कडू झालं.

एके दिवशी नगरशेटाची बायको हळदीकुंकवाला आली. भारी शालू, नाकात नथ, मागे दासी. कमळजेने पाट मांडला, रांगोळी घातली. तर ओसरीवर विसोबा ओणवा होऊन घोडा झालेला, पाठीवर येमू, हातात चिंचेचा फोक, आणि म्हातारा खिंकाळतोय. नगरशेटाची बायको पदर तोंडाला लावून हसली. कमळजेचं तोंड लाल झालं. तिने पाहुणीची ओटी भरली, वाटेला लावलं, आणि नवऱ्याकडे गेली.

"आपल्या मळ्यात हवा मोकळी आहे," ती म्हणाली. "तिथलं खोपट शाकारून देऊ. मामंजी नि सासूबाई तिथे सुखाने राहतील. इथे त्यांनाही गजबज सोसत नाही."

दामाशेट दूरदेशी निघायच्या तयारीत होता. बैल जुंपलेले, माल भरलेला. तो म्हणाला, "तुला सोयीचं पडेल तसं कर."

कमळजेने सासूसासऱ्यांना सांगितलं.  आवडाई पाळण्याची दोरी धरून बसली होती, ती धरूनच राहिली. विसोबा म्हणाला, "आम्हाला काय गं, पोरी? दोन भाकरी नि वर सावली. फक्त पोरं अधूनमधून धाडत जा म्हणजे झालं."

"धाडीन हो, मामंजी. दर आठवड्याला धाडीन."

मग दामाशेट तांडा घेऊन दूरदेशी गेला. म्हातारा म्हातारी गाठोडं घेऊन मळ्यात गेली. घरात कमळजेचंच चालू लागलं. लेकरं वेळेवर जेवू लागली, वेळेवर अभ्यासाला बसू लागली. कमळजेला बरं वाटलं.

आठवडा गेला, महिना गेला, लेकरं काही मळ्यात गेली नाहीत.

चैत्र सरला, वैशाख आला. मळ्याशेजारचा खंडू माळी भाजी घेऊन नगरात आला, कमळजेच्या दारात उभा राहिला. "बाई, बांधावरच्या आंब्याला पाड लागलाय. आबांनी पोरांसाठी आंबे राखून ठेवलेत. पोरं धाडा म्हणाले." कमळजा म्हणाली, "माधोचा पाठ चाललाय. आता नको. पुढच्या खेपेला धाडीन." खंडू गेला.

श्रावण आला. खंडू पुन्हा आला. "बाई, पंचमीचा झोका बांधलाय चिंचेला. येमूला धाडा म्हणाले." कमळजा म्हणाली, "पावसापाण्याचे दिवस. पोर भिजेल, आजारी पडेल. पुढच्या खेपेला धाडीन." खंडू गेला.

दिवाळी आली. खंडू पुन्हा आला. "बाई, आजी उटणं वाटून बसलीय. तान्हूला न्हाऊ घालीन म्हणते." कमळजेकडे पाहुणे होते, कढईत करंज्या होत्या. ती चिडली. "एकदा सांगून कळत नाही का तुम्हाला? सणासुदीला घर सोडून पोरं मळ्यात धाडू?" खंडूने मान खाली घातली, टोपली उचलली, गेला. मग कमळजेने दारावरच्या गड्याला हुकूम केला. "मळ्यातून निरोप आला तर दारातूनच सांगायचं, बाई कामात आहेत."

पौषात खंडू पुन्हा एकदा आला. हातात टोपली नव्हती, पायात वहाण नव्हती. गडी म्हणाला, "बाई कामात आहेत." खंडू म्हणाला, "निरोप तरी घे." गडी म्हणाला, "हुकूम नाही." कमळजा माडीवर कासाराकडून चुडा भरून घेत होती. तिने खंडूचा आवाज ऐकला. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खंडू उभा राहिला, उभा राहिला, मग आला तसा गेला.

त्यानंतर मळ्यातून निरोप आला नाही. कमळजेला वाटलं, बरं झालं, समजलं त्यांना.

मग काय झालं? लेकरं आतून सुकू लागली. माधोला सगळे पाढे येत, पण तो कुणाशी बोलेना, कुणात खेळेना. येमू झोपेतून दचकून उठे, भिंतीकडे तोंड करून बसे. तान्हू पाळण्यातून उतरला, चालू लागला, पण तोंडातून शब्द निघेना. संध्याकाळ झाली की तिघं तीन खांबांना टेकून बसत, आणि घर असं गप्प होई की दिव्याची वात तडतडलेली ऐकू येई.

कमळजा घाबरली. तिने वैद्य आणला. वैद्याने नाडी पाहिली, म्हणाला, "रोग दिसत नाही." तिने जोशी आणला. जोशाने पत्रिका मांडली, म्हणाला, "ग्रह वाकडा नाही." तिने देवऋषी आणला. त्याने अंगारा लावला, म्हणाला, "बाधा कसली नाही." कमळजा देवापुढे बसून रडली. "देवा, माझं काय चुकलं?" पण आपलं काय चुकलं ते तिला खरंच कळत नव्हतं.

श्रावणातला शुक्रवार आला. तिने देव्हाऱ्यात जिवती पूजली, पुरणावरणाचा नैवेद्य दाखवला. इतक्यात दाराशी एक म्हातारी आली. हातात काठी, पाठीला बाक. "बाई, वाढ काही." कमळजेने पान वाढलं. म्हातारी जेवली, तृप्त झाली, तिने लेकरांकडे पाहिलं.

"बाई, तुझ्या घरी दिवेलागणीला काय होतं?"

"तुळशीपुढे दिवा लावते, आजी."

"मग?"

"मग देवाला नमस्कार करतो."

"मग?"

"मग काही नाही."

"आधी काय होत होतं?"

कमळजेने ओसरीकडे पाहिलं. म्हातारीने पुन्हा विचारलं, "घरात थोरलं कुणी?"

"आहेत. मळ्यात आहेत."

"लेकरांनी त्यांना शेवटचं कधी पाहिलं?"

कमळजा आठवू लागली. दिवाळी आठवली, श्रावण आठवला, वैशाख आठवला. तिला तोंड वर करवेना. म्हातारी उठली. "गाडी जुंप, बाई. अजून ऊन आहे." असं म्हणून ती दाराबाहेर गेली. गड्याने पाहिलं तर वाट मोकळी. ती जिवतीच होती, आणखी कोण?

मग कमळजेने गाडी जुंपली. पुरणपोळ्या बांधल्या, दूधतूप घेतलं, तिन्ही लेकरं घेतली, मळ्याची वाट धरली. वाटेत मनात शब्द जुळवत होती. मामंजींना असं म्हणेन, सासूबाईंच्या पायांवर असं डोकं ठेवीन. मळ्यात पोचली तेव्हा दिवस मावळत होता.

खोपटापुढचं अंगण पोरांनी भरलेलं होतं. माळ्यांची पोरं, धनगरांची पोरं, नदीपलीकडून आलेली कोळ्यांची पोरं. मधे आवडाई बसली होती. एकेकाला नावाने हाक मारी, डोक्यावरून हात फिरवी, हातावर गूळ ठेवी. कमळजेची लेकरं अंगणाच्या कडेला उभी राहिली. कुठे बसावं ते त्यांना कळेना. येमूने आईचा पदर ओढला. "आई, ही आपली आजी ना?"

तेवढ्यात आवडाईने मान वर केली. कमळजेने पाहिलं. सासूचं कपाळ मोकळं होतं. हातात बांगडी नव्हती.

कमळजा पुढे झाली. "सासूबाई, मामंजी?"

"पौषात गेले गं. थंडी बाधली, आठ दिवस अंथरुणावर होते. पोरांना एकदा बघू दे म्हणाले, म्हणून खंडूला धाडलं होतं."

"मग मला कळवलं का नाही हो?"

आवडाई म्हणाली, "कळवलं होतं की. तू कामात होतीस."

रागाने म्हणाली नाही, टोमणा म्हणून म्हणाली नाही, साधं सांगितलं. कमळजेला तेच सोसेना. ती आवडाईच्या पायांवर पडली, मोठ्याने रडली. "मी कामात नव्हते, सासूबाई. मी चुडा भरत होते. खंडूचा आवाज मी ऐकला होता."

आवडाईने हातातला गूळ खाली ठेवला.   मग ती म्हणाली, "दामू परमुलखात, म्हणून अग्नी खंडूने दिला. शेवटपर्यंत ते वाटेकडे तोंड करून निजत होते. कूस वळवली तर पुन्हा वळवायला लावत. हे मी तुला सांगणार नव्हते, पण तू खरं बोललीस, म्हणून मीही खरं सांगते."

मग तिने डोळे पुसले, लेकरांकडे पाहिलं, हात पुढे केला. "ये रे माधो. ये गं येमू. हा तान्हू ना? केवढा झाला!" माळ्याची रंगी सरकून बसली, तिने जागा करून दिली. तिघं बसली. आजीने डोक्यावरून हात फिरवला, हातावर गूळ ठेवला, गोष्ट सुरू केली. येमू गोष्ट संपायच्या आत आजीच्या मांडीवर झोपली, आणि त्या झोपेत ती दचकली नाही.

कमळजा म्हणाली, "सासूबाई, घरी चला. माजघर तुमचं, देव्हारा तुमचा, किल्ल्या तुमच्या."

आवडाई म्हणाली, "कशी येऊ? उद्या संध्याकाळी ही पोरं येतील, त्यांना दार बंद दिसेल. तुझी पोरं येत नव्हती तेव्हा हीच आमच्यापुढे बसली. आता त्यांना उठवू?"

"मग मी काय करू? एखादा वसा सांगा, तो मी करीन."

"वसा सोपा आहे, बाई. दिवेलागणीला लेकरांना थोरल्यांपुढे बसवावं. थोरल्यांनी डोक्यावर हात ठेवावा, काही गोड द्यावं, एक गोष्ट सांगावी. लेकरांनी मधे विचारलं तर रागावू नये. तीच गोष्ट पुन्हा सांगितली तर कंटाळू नये. आपल्या घरी थोरलं कुणी नसेल तर शेजारी जावं, शेजारचं एकटं म्हातारं आपलं मानावं. आपल्या घरी लेकरू नसेल तर दुसऱ्याचं बोलवावं. हा आजेसांजेचा वसा."

"आणि याचं उद्यापन?"

"याला उद्यापन नाही. तू म्हातारी झालीस की समोरच्या बाजूला बसायचं, एवढंच."

कमळजेने वसा घेतला. रोज गाडी जुंपली, रोज लेकरं मळ्यात नेली. पाऊस असो, पाहुणे असोत, करंज्या कढईत असोत, संध्याकाळ चुकवली नाही. माधो पोरांत खेळू लागला. येमू खळखळून हसू लागली. तान्हूने पहिला शब्द उच्चारला, तो "आजी". कमळजेला आनंद झाला, आणि रडूही आलं, कारण "आजोबा" हा दुसरा शब्द ज्याला म्हणावा तो उरला नव्हता.

एक वर्ष गेलं. दामाशेट परत आला. बैलांच्या गळ्यात घुंगरं, गोण्यांत माल. आईसाठी लुगडं आणलं होतं, बापासाठी उबदार कांबळं. घरात शिरला, म्हणाला, "आधी मळ्यात जाऊन येतो."

कमळजेने त्याला दारातच सगळं सांगितलं. हुकूम सांगितला, चुडा सांगितला, काही झाकलं नाही.  कांबळं तसंच काखेत धरून तो चालत मळ्यात गेला. आईला भेटला. मायलेक रडली.

मग दिवेलागण झाली, पोरं जमली. दामाशेट अंगरख्याला माती लागेल हे न बघता पोरांच्या रांगेत खाली बसला. म्हणाला, "पोरांनो, मी या आबांचा मुलगा. मला त्यांच्याजवळ बसायला कधी वेळ झाला नाही. तुम्ही बसला होतात. मला सांगा, ते कसे होते?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग रंगी म्हणाली, "हसायचे तेव्हा त्यांना खोकला यायचा." धनगराचा पोर म्हणाला, "कोकराला काटा लागला तर दातांनी काढायचे." कोळ्याची पोर म्हणाली, "मला नावेची भीती वाटायची. म्हणायचे, मलाही वाटते, आपण दोघं मिळून भिऊ." सगळी बोलू लागली. दामाशेट ऐकत राहिला, माधो, येमू, तान्हू ऐकत राहिली, मागे खांबाला धरून कमळजा ऐकत राहिली. ज्याचा बाप होता त्याला तो परक्या लेकरांच्या तोंडून भेटला, तेवढाच भेटला.

आजेसांज कमळजेला पावली, पण उशिरा पावली. तिच्या लेकरांना पुढे जे लाभलं ते तुमच्या आमच्या लेकरांना लाभो. तिच्या हातून जे निसटलं ते कुणाच्या हातून न निसटो. ज्यांच्या घरी थोरले आहेत त्यांनी अक्षता टाकून आज आधी त्यांच्यापुढे बसावं. साठ बोलांत सांगायची ही कहाणी पाच बोलांत सांगून झाली, फळाला आली, पुरी झाली.