केरूबांची हरवलेली वाटी

फार फार वर्षं झाली. खडकाईच्या गडावर वस्ती होती, पण पाणी नव्हतं. ते खालच्या नदीवरून यायचं, ठकूबाईच्या बैलाच्या पाठीवर, कातडी पखालीतून. बैलाचं नाव हौशा. एके दिवशी हौशा पायऱ्यांवर घसरला आणि त्याचा मागचा पाय जो ताठ झाला, तो वाकेचना. गड तहानला.

हाडं बसवणारे केरूबा आले. माणसाचा गुडघा ते डोळे मिटून बसवत, असं म्हणतात. त्यांनी हौशाच्या पायाचा मागे वाकणारा सांधा चाचपला आणि ते गोंधळले. गुडघ्यावर असते ती वाटीच तिथे नव्हती. तरी लेप लावून त्यांनी तोच सांधा करकचून बांधला. आठ दिवस बैल कण्हत राहिला.

केरूबांचं डोकं चालेना. त्यांनी शेळी धरली, कोंबडी धरली. सगळ्यांचे गुडघे उलटे, आणि वाटी कुणालाच नाही! "वाटी सापडेना," असं पुटपुटत ते दारोदार हिंडू लागले, तेव्हा बायकांनी बिचाऱ्यांना आपापल्या घरातल्या वाट्या आणून दिल्या.

नवव्या दिवशी ठकूबाई रिकामी पखाल खुंटीला टांगायला चवड्यांवर उभी राहिली. केरूबांची नजर तिच्या उचललेल्या टाचांवर गेली आणि तिथून हौशाच्या बांधलेल्या पायाकडे वळली. बैल तर जन्मभर चवड्यांवरच उभा असतो. आपण बांधली ती त्याची टाच. मग गुडघा वर, पोटालगत, कातड्याखाली.

त्यांनी तिथे हात घातला. वाटी होती, वर सरकून अडकलेली. पाय पुढे ओढून त्यांनी ती खाली दाबली. कट्ट आवाज झाला, तो पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेला, असं म्हणतात. हौशाने पाय टेकला आणि त्याच दमात नदीवर जाऊन पाणी घेऊन आला.

लोक केरूबांच्या पाया पडू लागले. केरूबा मात्र बैलापुढे हात जोडून उभे राहिले.

"चुकलो रे बाबा," ते म्हणाले. "तुझा पाय मी माझ्या पायावरून जोखला."

मुक्या जिवाला काय कळतंय, असं ठकूबाई म्हणाली.

"मला कळलं ना, बाई."

पुढच्या पायाला वाटी का नाही, हे त्यांना मरेपर्यंत उमगलं नाही, असंही म्हणतात.

अजूनही बेंदराला गडावर शिंगं रंगवण्याआधी बैलाच्या गुडघ्याला हळद लावतात. गुडघा नेमका कुठे, यावर दरवर्षी वाद होतो आणि निम्मी माणसं टाचेलाच लावून मोकळी होतात. पण लावून झाल्यावर घरातलं सगळ्यांत मोठं माणूस बैलापुढे वाकतं आणि केरूबांच्या वतीने म्हणतं, "चुकलो रे बाबा."