हत्यार टाकून आलेला शिपाई

चीन देशातल्या एका जुन्या राजाच्या फौजेत कायदा होता. लढाईतून जो हत्याराशिवाय परत येईल, त्याचं डोकं उडवायचं. असले कायदे करणाऱ्यांना रांगेत उभं राहून लढावं लागत नाही, म्हणून ते सुचतात.

कुआई नावाच्या शिपायाकडे लांब बांबूला काशाचं आडवं पातं बसवलेलं हत्यार होतं. रथातल्या माणसाला त्यानं अडकवून खाली ओढायचं. त्या दिवशी शत्रूचा रथच अंगावर आला, तेव्हा यानं ते सरळ चाकात खुपसलं. रथ उलटला आणि हत्यार त्याच्याखाली गेलं.

संध्याकाळी हत्यारांची तपासणी झाली. कुआईला गुडघ्यावर बसवलं. जल्लादानं त्याच्या मानेवरचे केस बाजूला केले.

"राजाचं हत्यार कुठाय रे?" सेनापती शाओ गुरगुरला.

"शत्रूच्या रथाखाली, सरकार."

"कायद्यात कारणं लिहिलेली नाहीत. उडवा!"

तलवार वर गेली.

"उडवा, सरकार," कुआई घाईनं म्हणाला. "पण तुमच्या कमरेचा भाता रिकामा दिसतोय. ते बाण राजाचेच होते ना?"

"अरे गाढवा, ते मी शत्रूच्या छातीत घातले! परत कसे आणू?"

"मग मीही माझं तिथंच घातलं. तुम्ही लांबून सोडलंत, मी जवळ जाऊन."

जल्लाद हुकमाचा ताबेदार. तलवार तशीच उगारून तो आता सेनापतीच्या मानेकडे बघायला लागला.

"याला नवं हत्यार द्या," शाओ गडबडीनं म्हणाला. "आणि तू रे, आधी ती तलवार खाली घे!"