काठ फुटलेली भाकर

भांडी बोलायची आणि माणसं ऐकायची, त्या काळातली गोष्ट. प्रभुभोजनासाठी सलोमीमावशीनं ज्वारीची भाकर भाजली, पण तिचा काठ फुटला. पीठ संपलं होतं, म्हणून तीच चर्चमधल्या चांदीच्या तबकात ठेवली.

“हे काय ध्यान आलंय?” म्हातारं तबक म्हणालं. “माझ्यावर एक ओरखडा तरी आहे का? तुला बघताच शेरडांपुढे टाकतील.”

“टाकणारच,” शेजारचा द्राक्षरसाचा प्याला म्हणाला. त्याला तबकाची री ओढण्यापलीकडे काही येत नव्हतं.

भाकर भीतीनं गार पडली.

पाळक शांतवन यांनी नेहमीचंच वचन वाचलं: प्रभूनं भाकर घेतली, उपकार मानले आणि ती मोडली. मग त्यांनी भाकर उचलली आणि फुटलेल्या काठापासूनच मोडायला घेतली. भाकरीच्या जिवात जीव आला. तुकडे पार शेवटच्या रांगेपर्यंत गेले.

उरलेला तुकडा तबकाला म्हणाला, “आजोबा, हे वचन तुम्ही जन्मभर ऐकलंत. कानांत काय चांदी ओतली होती?”

तेवढ्यात सलोमीमावशीनं तो तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

तबक तेवढं अखंड राहिलं. अखंड आणि रिकामं.