तान्हाईची लपवलेली मुळी

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एका गावात धर्माजी नावाचा गुळाचा व्यापारी राहत होता. दिवसभर गादीवर बसायचा, दोन्ही वेळा तुपात थबथबलेलं जेवायचा आणि सगळ्यांवर संशय घ्यायचा. दारात कुणी हसलं तर आपल्यालाच हसलं, असं त्याला वाटे.

हळूहळू त्याचे गुडघे धरले. चार पायऱ्या चढला तरी धाप लागे. झोप उडाली. शेवटी तो तान्हाईकडे गेला. सत्तरी ओलांडलेल्या या बाईला झाडपाल्याची चांगली माहिती होती.

तिने नाडी पाहिली. म्हणाली, "शेट, रोज पहाटे डोंगरावरच्या झऱ्यापर्यंत चालत जा. तिथलं पाणी प्या. नाचणीची भाकरी आणि पालेभाजी खा. दिवस मावळायच्या आत जेवा. वर गवती चहाचा काढा घ्या."

"आणि औषध?"

"हेच औषध."

धर्माजी घरी येऊन बायकोला म्हणाला, "या वयात ही शेळीसारखी डोंगर चढते, ती काय भाकरी खाऊन? हिच्याकडे एखादी मुळी आहे. आपल्यापासून लपवते."

दुसऱ्या दिवसापासून तान्हाई पहाटे झऱ्याकडे निघाली की तो लपतछपत तिच्या मागे जाऊ लागला. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेवरच बसला. मग रोज थोडं पुढे. ती झऱ्याचं पाणी प्यायली की तोही प्यायचा. न जाणो, पाण्यातच काही असेल! ती जे खायची तेच तो बायकोला रांधायला सांगायचा. तिच्या घरचा दिवा लवकर मालवतो, म्हणून तोही लवकर झोपायचा.

दोन महिने झाले, पण मुळी दिसली नाही. चिडून तो पंचांकडे गेला. "ही बाई औषध लपवते. हिला गावाबाहेर काढा."

एक पंच पुटपुटला, "माझ्या आईलाही हिने नुसतं चालायलाच सांगितलं होतं, औषध काही दिलं नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. तान्हाईने निकाल आधीच ओळखला होता. ती गाठोडं बांधूनच आली होती.

पाटलांनी धर्माजीला विचारलं, "तू स्वतः काय पाहिलंस?"

"ती झऱ्यापर्यंत चालते. पाणी पिते. भाकरी खाते."

"आणि तू?"

"मी तिच्या मागे. रोज."

"थेट झऱ्यापर्यंत?"

"हो, थेट..." धर्माजीची जीभ अडखळली. आपण कधीपासून न थांबता वर जातोय, हे त्याला आठवेना. आता गुडघे दुखत नव्हते, धापही लागत नव्हती. आता एक शब्द खोटा बोलला असता तर त्याची लाज वाचली असती, आणि म्हातारी देशोधडीला लागली असती.

तो खाली मान घालून म्हणाला, "पाटील, हिने काहीच लपवलं नाही. सगळं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मीच विश्वास ठेवला नाही."

मग तो तान्हाईकडे वळला. "बाई, मी चोरासारखा तुमच्या मागे फिरलो."

तान्हाई म्हणाली, "ठाऊक होतं, शेट. तुमची धाप ऐकू यायची. म्हणून तर पहिला पंधरवडा मी मुद्दाम सावकाश चालले."

तात्पर्य: आरोग्याची वाट उघड्यावरच असते, पण संशयाने पाहणाऱ्याला साधी गोष्ट खरी वाटत नाही.