दहिवरातला अक्रोड

एका राज्यात हिवाळा आला की सारी प्रजा दारं लावून घेई, आणि राणी मात्र आपलं दार उघडून उभी राही. कारण त्या राज्याचा हिवाळा म्हणजे दुसरं कुणी नव्हतं. तो राणीचा नवरा होता.

त्याचं नाव राजा अरिंजय. शूर होता, उदार होता, पण उतावळा होता. राज्याच्या उत्तर सीमेवर अक्रोडांचं एक जुनं वन होतं. डोंगरावरचा बोचरा वारा त्या झाडांत शिरे आणि तिथेच थकून बसे, म्हणून खालच्या खोऱ्यात जव पिके, मधमाश्या नांदत. राजाला नवा सभामंडप बांधायचा होता आणि कोरीवकामाला अक्रोडासारखं लाकूड नाही. राजाने वनच्या वन तोडवलं. शेवटचं झाड कोसळलं तेव्हा त्याच्या ढोलीतून कुहरनाथ नावाचा मांत्रिक बाहेर आला.

"राजा," तो म्हणाला, "ही झाडं जी थंडी अडवून धरत होती, ती आता तूच हो. तुझ्या बागेत अक्रोड वाढेल, त्याचं फळ पिकून झाडावरच उकलेल, त्या दिवशी तू पुन्हा माणूस होशील."

राजाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. शब्दाऐवजी पांढरी वाफ निघाली, आणि वाफेमागून राजाही वाऱ्यावर विरून गेला. घोडा रिकाम्या खोगिराने परतला, आणि लाकूडतोड्यांनी शापाचे शब्द राणीला सांगितले. कुहरनाथ पुन्हा कुणाला दिसला नाही.

राणी कनकरेखेच्या लग्नाला तेव्हा पुरतं वर्षही झालं नव्हतं. अमात्य बाहुदत्ताला हाताशी धरून ती राज्य चालवू लागली. दिवसभर दरबार करी, दिवे लागले की बागेत जाऊन बसे. मार्गशीर्षात एका सकाळी तिने पाहिलं, तर फाटकापासून तिच्या पायरीपर्यंत दहिवराचा, म्हणजे गोठलेल्या दवाचा, पांढरा पट्टा उमटला होता. पट्टा डावीकडे जरा ओढल्यासारखा होता. अरिंजय डावा पाय किंचित ओढत चाले.

"आलात?" राणीने विचारलं.

तिच्या मनगटाभोवती गारव्याचं एक कडं पडलं. लग्नात त्याने धरला होता तोच हात.

मग दर हिवाळ्यात असंच होऊ लागलं. ती दरबारातल्या गमती सांगे, कोण भांडलं, कोण रुसलं ते सांगे, आणि बाग तिच्याभोवती पांढरी होऊन ऐकत राही. फाल्गुन सरला की तो विरळ होऊ लागे. तेव्हा ती आर्जवाने हाक मारी, "महाराज, आणखी एकदा या!" आणि चैत्रातही तो येई, वैशाखातही येई.

शापाची अट ती विसरली नव्हती. दक्षिणेच्या व्यापाऱ्यांकडून ती मोठाले, पातळ सालीचे अक्रोड मागवी आणि बागेत लावी. पहिल्या उबेसरशी तांबूस कोवळी पानं फुटत. मग एका पहाटे दहिवर येई आणि पानं काळी पडून लोंबत. तो तिला भेटायला येई, आणि त्याच्या भेटीनेच त्याची सुटका मरून जाई.

"महाराणी," एकदा बाहुदत्त म्हणाला, "चैत्रातल्या दहिवराने यंदाही जव करपला. लोक खेचरांवर संसार लादून निघाले आहेत. खोऱ्यात चुली कमी झाल्या."

राणीने राज्याची मुद्रा अमात्याच्या हाती दिली आणि एकटीच डोंगर चढून गेली.

देवदार संपतात तिथे ठिपक्या नावाचा पक्षी राही. तपकिरी अंग, त्यावर पांढरे ठिपके, दगड फोडील अशी चोच. जमिनीत पुरलेलं बी बर्फाखालूनही नेमकं हुडकून काढावं ही त्याची विद्या, आणि त्याला माणसाची वाणी होती.

"पक्षिराज, माझ्या बागेत अक्रोड का जगत नाही?"

"तू उन्हात लाडावलेलं बी लावतेस. दुसरंही एक कारण आहे, ते मागाहून सांगेन. तीन कामं आहेत. करशील?"

"करीन."

"बर्फाच्या काठावर एकच अक्रोड उभा आहे. त्याच्यापुढे झाड नाही. त्याचं बी आण. पण ऊब पांघरून येणाऱ्याला तो काही देत नाही."

राणी बर्फाच्या काठाशी पोचली. वाकडा, खुजा, अर्धं अंग वाऱ्याने सोललेला तो अक्रोड तिथे उभा होता. तिने शाल काढून ठेवली, पायांतल्या लोकरी मोजड्या काढल्या आणि झाडाखाली उभी राहिली. वारा हाडांत शिरला. पण तो स्पर्श तिच्या ओळखीचा होता. तिने डोळे मिटले आणि मनगट पुढे केलं. ऊन कलताना झाड हललं आणि तिच्या ओच्यात मूठभर अक्रोड पडले. लहान होते, जाड कवचाचे होते.

"आता हे ओल्या वाळूत घाल," ठिपक्या म्हणाला, "आणि तुझ्या बागेतच पूर. हिवाळाभर उघड्यावर राहू दे. काहीही ऐकू आलं तरी घरात आणू नकोस."

तिने तसं केलं. पौषात वाळूतून रडणं ऐकू येऊ लागलं, अगदी तान्ह्या बाळाचं. राणीची कूस रिकामी होती. ती धावत गेली, वाळूत हात घातला, आणि बोटांना कवच लागताच थांबली. हात मागे घेऊन ती तिथेच बसून राहिली. तिच्यासमोर अरिंजय त्या जागेवर पांढऱ्या चादरीसारखा पसरला होता. माघात रडणं थांबलं. तिने कान लावला, तर आतून संथ श्वास ऐकू येत होता.

होळीच्या आदल्या दिवशी ठिपक्या बागेच्या भिंतीवर येऊन बसला.

"आता तिसरं. होळी पेटली की राजाला हाक मारायची नाही."

"ते आपणहून येतात."

"हिवाळा आपल्या वेळी जातो, राणी. चैत्रात येतो तो तुझ्या हाकेने. ती रोपं त्याने मारली नाहीत. लोकांचा जवही त्याने जाळला नाही."

राणीने विचारलं, "कुठवर?"

"फळ पिकेपर्यंत. दर वर्षी."

त्या वर्षी तिने हाक मारली नाही. दहिवर विरळ होत गेलं, पायरीपाशी एक पांढरा ठिपका उरला, तोही गेला. तिने ओठ दाताखाली धरले होते. बाग फुलली, पण अक्रोडाच्या जागी नुसती वाळू. माळी म्हणाले, बी वांझ निघालं. मग वैशाख संपता संपता एक दणकट कोंब वर आला. त्या झाडाची रीतच तशी होती. साऱ्या बागेने पालवी मिरवून घ्यावी, तोवर याने काठीसारखं झोपून राहावं, आणि थंडीचा शेवटचा पाय निघाला की मग डोळे उघडावेत.

वर्षं गेली. खोऱ्यात जव पिकला, गेलेली माणसं परतली. झाड राणीच्या डोक्यावरून वर गेलं. एका वैशाखात त्याला पहिला मोहोर आला, हिरव्या लोलकांसारखा. आणि त्याच आठवड्यात, हाक नसताना, अरिंजय आला. इतकी वर्षं होळीनंतर हाक आली नव्हती, आणि यंदा त्याचा धीर सुटला होता. फाटकातून पांढरा पट्टा धावत निघाला, डावीकडे ओढत, थेट बागेकडे.

राणी झाडाच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली.

"महाराज, थांबा."

पट्टा थांबला.

"मी जिवंत आहे. तुम्हाला विसरले नाही. पण या दिवसांत तुम्ही इथे येऊ नये. इथून फिरा."

गवत जागच्या जागी कडकड वाजलं. राणी पुढे झाली. तिने त्या गारठ्याला कपाळ टेकवलं, आणि तिचे कपाळावरचे केस पांढरे झाले, ते कायमचे. "जा," ती म्हणाली. "मला पुन्हा हे बोलायला लावू नका." पट्टा वळला, फाटकाबाहेर गेला, डोंगर चढून गेला. त्या दिवशी दरबार भरला नाही.

त्यानंतर अरिंजय हिवाळ्यातही बागेत आला नाही. कोवळ्या झाडाला मोहोर येतो, फळ लगेच धरत नाही. राणी गच्चीवरून डोंगराचा पांढरा माथा पाही आणि खाली येऊन न्यायनिवाडे करी. तिचे उरलेले केसही आपोआप पिकले.

आणि एका ज्येष्ठात झाडाला फळं लागली. हिरवी, गोल, घट्ट. आश्विनातल्या एका सकाळी त्यांतल्या एकाची साल उकलली. राणी झाडाखाली पोचली तेव्हा तिथे ओल्या कपड्यांतला एक तरुण उभा होता. वनात गेला होता त्याच वयाचा.

राणीने पदराने चेहरा झाकून घेतला. "महाराज, मी म्हातारी झाले."

"मी डोंगरावरून रोज पाहत होतो," अरिंजय म्हणाला. त्याचा आवाज इतक्या वर्षांच्या मुक्यापणाने घोगरा झाला होता. "गच्चीवर तू येईपर्यंत माझा दिवस उजाडत नसे."

"मी तुम्हाला हाकललं."

"तेव्हा मी फार रागावलो होतो. मग एका वर्षी वरून खोऱ्यातल्या चुलींचा धूर दिसला." त्याने पदर हलकेच दूर केला. "वन मी तोडलं, कनकरेखे, आणि किंमत तू मोजलीस. आता काम सांग."

दोघांनी झाडाची फळं उतरवली आणि राणीने टोपली पुढे ओढली. गावोगावी बी पाठवायचं होतं, उत्तर सीमेवर वन पुन्हा उभं करायचं होतं. दोघं मांडी घालून बसले आणि फळं सोलू लागले. बातमी ऐकून बाहुदत्त काठी टेकत आला, मागून सारा दरबार आला. हिरव्या सालीचा रस लागून राजाराणीची बोटं, तळवे, मनगटं काळीभोर झाली होती. साऱ्यांनी वाकून मुजरे केले, पण टोपलीत हलणाऱ्या त्या चार हातांतले तरुण कोणते आणि म्हातारे कोणते, ते कुणालाच ओळखता येईना.