दूध संघाची नवी लायब्ररी

एका तालुक्याच्या गावात एक भोळा प्रोग्रामर होता. नाव मुकुंद पाचपुते. पदवी पहिल्या वर्गाची. ऐकण्यात कसूर नाही; समजून घेण्याचं मात्र त्याने कधी मनावर घेतलं नाही.

गावात दूध संघ होता. खेड्यांतल्या केंद्रांवर दुधाचं माप आणि फॅट संगणक बघायचा. सगळ्या केंद्रांच्या प्रोग्रामना वापरता येईल असा तयार कोडचा संच हवा होता. अशा संचाला लायब्ररी म्हणतात. व्यवस्थापक वसुधाताईंनी ते काम मुकुंदाला दिलं.

"झकास, नवीकोरी लायब्ररी कर. पण माप अडलं की दूध नासतं, हे विसरू नकोस."

"होय ताई."

त्याने प्रोग्रामिंगच्या भाषेची नुकतीच निघालेली आवृत्ती घेतली. लायब्ररी त्याच्या टेबलावर छान चालली. केंद्रांवर जुन्या आवृत्त्या होत्या. तिथे ती उघडलीसुद्धा नाही. कॅनच्या रांगा उन्हात तापल्या.

"अरे दीडशहाण्या, जुन्यांना सोबत घेऊन चालायचं असतं!"

"होय ताई."

त्याने सगळ्या जुन्यांना सोबत घेतलं. भाषेची पहिली आवृत्ती, जी बनवणाऱ्यालाही आठवत नसेल, तीसुद्धा. आता दर मापाला लायब्ररी संगणकाला विचारायची, तू पहिली का? दुसरी का? तिसरी का? विचारपूस होईतो दुधाला आंबूस वास सुटला.

"जे कुणी वापरत नाही ते टाक! आधी केंद्रांना विचार, मग टाक."

"होय ताई."

त्याने भर दुपारी फोन लावले. आडगावच्या केंद्रावर सोपानकाका पेंगत होते.

"काका, आत्ता जुनी आवृत्ती वापरताय का?"

"आत्ता? म्हशी काय दुपारी दूध देतात का रे बाबा?"

"म्हणजे नाही."

"नाही तर!"

सगळ्या केंद्रांनी हेच सांगितलं. मुकुंदाने जुन्या आवृत्त्या टाकल्या. संध्याकाळी म्हशींनी दूध दिलं, केंद्रांना ते घेता आलं नाही. लोकांनी ओढ्यात ओतलं आणि मुकुंदाच्या सात पिढ्या काढल्या.

ओरडून ओरडून वसुधाताईंचा आवाज बसला. "अरे शंखा, काहीही एकदम बंद करू नये! आधी सूचना द्यावी. वर्षाची मुदत द्यावी. लोकांना सावरू द्यावं. मगच बंद करावं. शिरलं का डोक्यात?"

"शिरलं ताई."

आणि खरंच शिरलं. तेच वाईट झालं.

केंद्रांवरच्या जुन्या आवृत्त्या परत आल्या, त्या वर्षाने बंद होतील अशी सूचना लागली, लायब्ररी सुरळीत चालू लागली. संचालकांनी लगेच मुकुंदाला शाल पांघरवली. असल्यांना शाली पांघरवणारेही तेवढ्याच तयारीचे असतात.

एका सकाळी ताई बाहेरगावी होत्या. तिथून त्यांचा फोन आला. "मुकुंदा, मोठ्या टाकीचा नळ उघडा राहिलाय म्हणे! अख्ख्या तालुक्याचं दूध आहे त्यात. धाव, बंद कर!"

मुकुंद धावला. दूध धो धो वाहत होतं. त्याने नळाला हात घातला. मग त्याला शिकवण आठवली आणि त्याने हात मागे घेतला.

ताई धापा टाकत पोचल्या तेव्हा टाकी कोरडी होती. आवारात गावची कुत्री पोटं फुगवून पडली होती.

"मेल्या, नळ बंद का नाही केलास?"

"करणार ना ताई. रीतसर."

नळावर सुबक अक्षरांत पाटी टांगली होती: 'सर्वांना कळविण्यात येते की, हा नळ पुढील वर्षी बंद होईल. तोपर्यंत आहे तसा वाहील. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

आणि पाटीशेजारी मुकुंद मुदत संपायची वाट बघत उभा होता.